आग्रा: किल्ला, ताज आणि कीठमची अस्वलं. तीनेक दिवसांत जमेल का?

गौरी_कोथरूड
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आई-बाबा, आम्ही दोघं आणि आमची लेक असे आग्र्याला जायचं म्हणतोय. लेक चौथीत आहे, इतिहासाच्या पुस्तकात सध्या महाराजच महाराज. त्यामुळे आग्र्याचा किल्ला तिला बघायचाच आहे. शिवाय तिला प्राण्यांची विलक्षण ओढ. ट्रॅव्हलवाल्यांनी जी सहल आखून दिली त्यात जयपूर जोडून आमेरला हत्तीवरची सफर घातली आहे. मला ती नको आहे. प्राणी दिसावेत, पण आपल्या हौसेपायी त्यांना त्रास नको. आग्र्याजवळ सोडवून आणलेल्या अस्वलांचं केंद्र आहे असं ऐकलं. ते नेमकं कसं आहे? प्राणिसंग्रहालयासारखंच का? बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल का?

यमुनाकाठ
गौरी, मिस्टरांची एअर फोर्समधली बदली आग्र्याला होती, त्यामुळे ती सगळी बाजू माझ्या पायाखालची आहे. आधी एक सांगते, जयपूर पूर्ण काढून टाक. हत्तीच्या पाठीचे मणके वरच्या बाजूला टोकदार असतात, ओझ्यासाठी ती पाठ नाहीच. आणि माणसांना घेऊन निमूट चढ चढणारा हत्ती त्याआधी कशातून गेलेला असतो, हे एकदा कळलं की त्या हौद्यात बसवत नाही.

अस्वलांचं केंद्र कीठमला आहे, सूर सरोवर पक्षी अभयारण्यात. आग्र्याहून मथुरेच्या रस्त्याने साधारण वीस किलोमीटर. उत्तर प्रदेश वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात, 1999 पासून. तिथली बरीचशी अस्वलं एकेकाळी रस्त्यावर नाचवलेली. तापलेल्या सळईने नाक टोचून दोरी ओवायची, दात पाडायचे, असं त्यांचं 'शिक्षण' व्हायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली तरी हा धंदा चालूच होता. वेगवेगळ्या राज्यांतून सहाशेच्या वर अस्वलं सोडवली गेली आणि रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल 2009 मध्ये सुटलं. पिल्लू असतानाच आईपासून तोडलेली, दात नसलेली ही जनावरं जंगलात परत जाऊ शकत नाहीत, म्हणून मरेपर्यंत त्यांचा सांभाळ तिथेच.

प्राणिसंग्रहालयाची अपेक्षा ठेवून जाऊ नकोस. आधी नोंदणी करून जायचं, तिथला माणूस सोबत असतो, कुंपणाबाहेरून बघायचं. हात लावायचा नाही, खाऊ घालायचा नाही. अस्वल झाडाखाली झोपलेलं असलं तर झोपलेलंच दिसणार, तुमच्यासाठी कुणी उठवणार नाही. मला नेमकं हेच आवडलं. एक म्हातारी अस्वलीण ओंडक्याच्या भोकात लावलेला मध जिभेने काढत बसली होती, नाकाडावर वेसणीची जुनी खूण स्पष्ट दिसत होती. आमच्यातलं कुणीही बोलेना. लेकीला आदल्या दिवशी हे सगळं नीट समजावून सांग. चौथीतल्या मुलीला कळतं.

त्याच रस्त्याने पुढे मथुरा जिल्ह्यात चुरमुऱ्याला याच संस्थेचं हत्तींचं केंद्र आहे, 2010 पासूनचं. सर्कशीतले, रस्त्यावर भीक मागायला फिरवलेले हत्ती तिथे आहेत, काही आंधळे. जवळच 2018 मध्ये हत्तींसाठी दवाखाना सुरू झाला. दोन्ही केंद्रं एका दिवसात होतात, पण बाबांसाठी म्हणून एकच निवड, आणि ते कीठम. अस्वलं बघून झाली की तलावाकाठी निवांत बसता येतं. थंडीत पेलिकन येतात. 2020 पासून हा तलाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

जुन्नरचा_वाटसरू
वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या गावात दरवेशी यायचा. आया आपली पोरं अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या, म्हणजे म्हणे भीती जाते, आणि अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायच्या. माझ्याही गळ्यात होता. त्या जनावराच्या नाकातली दोरी सगळ्यांना दिसत होती, विचारलं मात्र कुणीच नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. उत्तरेत अस्वलं नाचवणारे ते कलंदर समाजाचे लोक. त्यांचं पोट त्याच्यावरच होतं. अस्वल सोडून देणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत मिळाली, मुलं शाळेत गेली, म्हणून हे थांबलं. नुसत्या धाडी घालून थांबलं नसतं. मुलीला सांगताना दरवेशाला राक्षस करू नका एवढीच विनंती.

आमच्याकडे माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथेही वन विभागाबरोबर हीच संस्था काम करते. जखमी बिबट्याला माणसाचा सहवास जितका कमी तितका बरा, हे तिथल्या लोकांकडूनच ऐकलंय.

गौरी_कोथरूड
दोघांचेही मनापासून आभार. जयपूर रद्द केलं. आता किल्ला आणि ताजचा क्रम कसा लावू? फत्तेपूर सिक्री घ्यावी का? आणि चुरमुऱ्याला हत्तींना अंघोळ घालता येते असं एकीने सांगितलं, ते खरं का?

यमुनाकाठ
अंघोळ वगैरे मनात धरून जाऊच नकोस. नोंदणी करतानाच सांग की आम्हाला फक्त लांबून बघायचंय. आणि कुठल्याही गावात 'रेस्क्यू सेंटर' अशी पाटी लावून मिठी मारू देणारे, सेल्फी काढू देणारे भेटले तर तिथून निघायचं.

शुक्रवारी ताज बंद, तो दिवस कीठमला द्या. ताजच्या आसपास पेट्रोलच्या गाड्या जाऊ देत नाहीत. टांगे आणि उंटगाड्या उभ्या असतात, त्या सोडून बॅटरीची गाडी घ्या, बाबांना तेच सोयीचं. सिक्री सुंदर आहे, पण ती वेगळ्याच रस्त्याला आणि पायपीट फार. त्याऐवजी इतमाद-उद-दौलाची कबर बघा. नूरजहाँने आपल्या आई-वडिलांसाठी 1622 ते 1628 मध्ये बांधली. संगमरवरातली पच्चीकारी, म्हणजे रंगीत दगड बसवून केलेली नक्षी, इथे अगदी डोळ्यांजवळून बघता येते, ताजच्या गर्दीत ती निवांतपणे बघायला मिळत नाही.

किल्ल्यात घाई करू नका. शहाजहान आठ वर्षं याच किल्ल्यात कैदेत होता, जानेवारी 1666 मध्ये तिथेच वारला. त्यानंतर चारच महिन्यांनी, 12 मे रोजी, महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले. जयपूर दरबारच्या पत्रांमध्ये त्या दिवसाचं वर्णन आहे. रांगेत मागे उभं केल्यावर महाराज भर दरबारात संतापले, तिथून नजरकैद, आणि 17 ऑगस्टला सुटका. लेकीला पेटाऱ्यांची गोष्ट माहीत असणारच, पण या तारखा दिवाण-ए-खाससमोर उभं राहून सांग, तिथे त्यांचं वजन कळतं. बाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

तवारीख
गौरीताई, अर्धा तास उरला तर भगवान टॉकीजजवळच्या रोमन कॅथलिक दफनभूमीत जरूर जा. तिथे लाल दगडाचा छोटा ताजमहाल आहे. शिंद्यांच्या फौजेतला डच अधिकारी जॉन हेसिंग आग्र्याचा किल्ला सांभाळत होता, तो 1803 मध्ये वारला आणि त्याच्या बायकोने ही कबर बांधली. त्याच वर्षी इंग्रजांनी किल्ला घेतला. महादजींनी 1785 मध्ये मिळवलेलं आग्रा तिथे संपलं. आपल्या लोकांपैकी फार कमी जण तिथे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

यमुनाकाठ
तवारीख, अगदी खरं. गौरी, ती जागा शहरातच आहे, बाबांना गाडीतून उतरून फार चालावं लागणार नाही. सकाळी बेडई-जलेबीचा नाश्ता करून तिथे जा आणि मग किल्ला. कीठमची नोंदणी मात्र तिकिटं काढण्याआधी करून घे. त्यांनी वेळ दिली की बाकीचा क्रम तिच्याभोवती लाव.