अनुभव धागा: एकाच टँकमध्ये वेगवेगळ्या जातींचे क्लाउनफिश

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये एकाहून जास्त जातींचे क्लाउन (छोटे, रंगीत समुद्री मासे) ठेवणाऱ्यांनी इथे लिहावं. नुसतं 'जमतं' किंवा 'जमत नाही' नको. टँकचं माप, जाती, मासे सोडण्याचा क्रम आणि बिघडलं तर कशामुळे, हे सांगा.

खारेपाणी
सगळं जातीवर ठरतं. ऑसेलारिस, पर्क्युला आणि गुलाबी स्कंक हे त्यातल्या त्यात मवाळ. टोमॅटो, सिनॅमन आणि क्लार्की तापट. 'मरून' जातीचा क्लाउन सगळ्यांत अवघड. त्याच्या गालावर काटा असतो आणि मादी 15 सेंमीपर्यंत सहज वाढते. मरूनबरोबर दुसरा क्लाउन ठेवूच नये, टँक सहा फुटी असला तरी.

दुकानात ऑसेलारिस आणि पर्क्युला सर्रास एकाच नावाने मिळतात. बाजूने फोटो काढून पाठीच्या पराचे काटे मोजा: ऑसेलारिसला सहसा 11, पर्क्युलाला 10.

भरतीओहोटी
क्लाउनचं पिल्लू मादी म्हणून जन्मत नाही. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर, आणि बाकीचे दबून लहानच राहतात. मादी मेली की नर तिची जागा घेतो. दोन जाती म्हणजे दोन जोड्या आणि दोन माद्या, म्हणून प्रश्न शेवटी हद्दीचा असतो.

4×2×2 फुटी टँकमध्ये (साधारण 450 लिटर) दोन मवाळ जोड्या बसतात, पण दगड दोन टोकांना दोन वेगळ्या ढिगांत हवेत आणि मधे दीड-दोन फूट मोकळी वाळू. दगडांची सलग भिंत रचली की पूर्ण टँक एकाच जोडीच्या ताब्यात जातो. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेल्या जोड्याही पहिली अंडी घातल्यावर बिनसतात. अंडी फुटेपर्यंतचा आठवडाभर नर दगडापासून हलत नाही आणि मादी पार समोरच्या काचेपर्यंत धावून जाते.

निळीकाच
दोन्ही जातींची अडीच-तीन सेंमीची पिल्लं एकाच दिवशी सोडावीत, हा सर्वांत सोपा मार्ग. एक जोडी आधीच रुळलेली असेल तर नव्यांना भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या पेटीत 7 ते 10 दिवस टँकमध्येच टांगून ठेवा. जुने मासे पेटीला धडका मारायचे थांबले की दगडांची मांडणी बदला आणि दिवे गेल्यावर पेटी उघडा.

मग पाहत बसा. नवा मासा मोठ्यासमोर कुशीवर कलून अंग थरथरवत असेल तर उत्तम, तो शरण आला. तो वरच्या कोपऱ्यात हीटरमागे अडकून आहे, शेपटीची कड झिरमिळ्या झाली आहे आणि दाणे टाकले तरी खाली येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी बाहेर काढा. 'उद्या बघू' केलं की सकाळी मेलेला सापडतो.

पाणवठा
मार खाऊन मासे मेले असं जे सांगितलं जातं, त्यात पुष्कळदा ब्रुकलिनेला (सूक्ष्म परजीवीमुळे होणारा त्वचेचा आणि कल्ल्यांचा रोग) असतो. अंगावर पांढरट चिकट थर, कल्ले भराभर चालतात, खाणं बंद, आणि एक-दोन दिवसांत खेळ खलास. समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाउनमध्ये हा रोग फार. उपाय फॉर्मेलिन स्नानाचा: टँकचंच पाणी वेगळ्या बादलीत घ्या, 10 लिटरला दीड मिलि 37 टक्क्यांचं फॉर्मेलिन, जोरात हवा, 30 ते 45 मिनिटं. मासा लोळायला लागला तर लगेच काढा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते औषध अजिबात वापरू नका. स्नानानंतर मासा स्वच्छ भांड्यातच जायला हवा, त्याच टँकमध्ये नाही.

नवा मासा चार आठवडे वेगळा ठेवलात तर बहुतेक वेळा ही पाळीच येत नाही. तांब्याचं औषधही तिथेच द्या. मुख्य टँकमध्ये टाकलं तर ॲनिमोन (क्लाउन ज्याच्या आसऱ्याने राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी), कोळंबी, गोगलगायी सगळं मरतं.

वाळूचाकण
ॲनिमोन नसला तरी क्लाउन मजेत राहतात. ठेवायचाच असेल तर दोन जोड्यांना दोन, दोन टोकांना. एकच ठेवला तर भांडण विकत घेतलंत. टँक सहा महिने तरी जुना हवा, खारेपणा 1.025 (विशिष्ट गुरुत्व), तापमान 25-26 अंश. ॲनिमोन रात्रीतून चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये (पाणी ढवळणाऱ्या पंख्यात) चिरडतो आणि पूर्ण टँक नासवतो, म्हणून पंख्याला स्पंजचं आवरण आधीच लावा.

कोरलच्या (प्रवाळाच्या) मोहात पडू नका. आपल्या समुद्रातलं दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

खारेपाणी
एक राहिलं. एकटा ऑसेलारिस आणि एकटा पर्क्युला एकत्र ठेवले तर त्यांची जोडी लागते आणि अंडीही फुटतात. ती पिल्लं मिश्र असतात. कुणाला देताना डब्यावर तसं लिहून द्या, नाहीतर पुढचा माणूस शुद्ध पर्क्युला समजून त्यांच्यापासून पैदास करतो.