हू चुनह्वा यांची वाटचाल नेमकी कुठे अडली?

प्रश्न (मीनल):
हू चुनह्वा २०१२ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे सुमारे पंचवीस जणांच्या सर्वोच्च नेतृत्वमंडळात, आले आणि त्याच वर्षअखेरीस ग्वांगदोंग प्रांताचे पक्षसचिव झाले. तेव्हा त्यांचे नाव भावी सर्वोच्च नेता म्हणून घेतले जात होते. मात्र पक्षाच्या २०२२ च्या अधिवेशनात त्यांना पॉलिटब्युरोतूनही वगळले गेले. याउलट ली छ्यांग एकदाही उपपंतप्रधान न होता २०२३ मध्ये थेट पंतप्रधान झाले. जिथे मतदारांसमोर जावेच लागत नाही, तिथे प्रांतातील नेत्याची बढती ठरते कशावर? शिवाय, प्रांताचा खरा प्रमुख गव्हर्नर की पक्षसचिव?

उत्तर (अनिरुद्ध):
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: पक्षसचिव वरचा, गव्हर्नर त्याच्या हाताखालचा. गव्हर्नरची नेमणूक कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. नाव बीजिंगमध्ये ठरते. मग प्रांतिक लोकप्रतिनिधी सभेची स्थायी समिती त्या व्यक्तीला आधी उपगव्हर्नर आणि लगेच प्रभारी गव्हर्नर नेमते, आणि सभेच्या पुढील अधिवेशनात रीतसर ‘निवडणूक’ होते, जिच्यात बहुधा एकच उमेदवार असतो. हू २००८ मध्ये हेबेई प्रांतात प्रभारी गव्हर्नर म्हणून आले, ते याच वाटेने. सचिवपदासाठी एवढाही सोपस्कार लागत नाही; केंद्रीय समितीचा निर्णय जाहीर झाला की काम झाले.

उत्तर (सुलभा):
माझ्या मते बढतीचे गणित वयापासून सुरू होते. मंत्री दर्जाच्या अधिकाऱ्याला (प्रांताचा गव्हर्नरही याच दर्जाचा) साधारण ६५व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते, त्यामुळे जो पन्नाशीच्या आसपास त्या दर्जाला पोहोचत नाही, त्याला पुढची पायरी चढायला वर्षेच उरत नाहीत. हू यांनी १९८३ मध्ये पेकिंग विद्यापीठाची पदवी घेतल्यावर स्वतःहून तिबेट मागून घेतले आणि मधली काही वर्षे सोडता दोन दशके तिथेच काढली. पुढे २००६ मध्ये ते युवक संघाचे, म्हणजे पक्षाच्या युवक संघटनेचे, प्रथम सचिव (प्रमुख) झाले, म्हणजे ४३व्या वर्षीच मंत्री दर्जा त्यांच्या पदरात पडला. युवक संघ हा अशा तरुणांसाठी आडवाटेने वर नेणारा जिना होता; शी जिनपिंग यांच्या काळात त्याचे महत्त्व बरेच कमी झाले.

उत्तर (वसंत देशमुख):
सुलभाताईंचे म्हणणे निम्मे पटते. वय दार उघडते, पण आत कोण बोलावतो? २०२२ मध्ये हू ५९ वर्षांचे होते, म्हणजे ६८ व्या वर्षी निवृत्तीच्या अलिखित संकेतापासून बरेच दूर. कामगिरीचे म्हणाल, तर २०११ मध्ये चीनच्याच अंतर्मंगोलिया प्रदेशात कोळशाच्या ट्रकखाली एक मंगोल पशुपालक मारला गेला आणि निदर्शने पेटली, तेव्हा तिथले सचिव हूच होते. त्यांनी विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची भेट घेऊन कारवाईचे आश्वासन दिले. चालकाला मृत्युदंड झाला, पण त्याच वेळी बंदोबस्तही कडक ठेवला गेला. अशा प्रसंगाने कारकीर्द बुडू शकली असती. पुढच्याच वर्षी ते पॉलिटब्युरोत होते.

ली छ्यांग पक्षसचिव असलेल्या शांघायमध्ये २०२२ च्या वसंतात दोन महिन्यांच्या आसपास टाळेबंदी होती आणि लोक उघडपणे संतापले होते. तरीही ते पंतप्रधान झाले, कारण (हा माझा अंदाज, पण अंदाज म्हणायला संकोच वाटावा इतका ठोस) शी झेजियांग प्रांताचे पक्षसचिव असताना २००४ पासून तिथल्या पक्षसमितीचे महासचिव ली होते. रोजची कागदपत्रे, दौरे, भाषणे, सगळे त्यांच्या हातून जात असे.

मीनल:
धन्यवाद. मग हू यांच्याच वयाचे सुन झेंगसाय? तेही भावी नेते समजले जात होते ना?

वसंत देशमुख:
होय. दोघे २०१२ मध्ये एकत्रच पॉलिटब्युरोत आले. सुन यांना जुलै २०१७ मध्ये, म्हणजे पक्षाधिवेशनाच्या तोंडावर, चोंगछिंग महानगराच्या पक्षसचिवपदावरून हटवले आणि २०१८ मध्ये १७ कोटी युआनहून अधिक लाचेबद्दल जन्मठेप झाली. त्यांच्या जागी आलेले छेन मिनअर हे झेजियांगमध्ये शी यांच्या हाताखाली पक्षाचे प्रचारप्रमुख होते. हू मात्र २०२३ मध्ये राजकीय सल्लागार परिषदेचे, म्हणजे केवळ सल्ला देणाऱ्या संस्थेचे, उपाध्यक्ष झाले.