माळावरची पावसाळी डबकी बुजवावीत की खोल करावीत?

पाटोद्याचा_माळ:
आमच्या गायरानात कातळावर जुलैत डबकी भरतात, दिवाळीपर्यंत कोरडीठाक. मोठा पाऊस झाला की पिवळेधम्मक बेडकं रात्रभर ओरडतात आणि पाण्यात कोळंबीसारखं पारदर्शक काहीतरी उलटं पोहताना ढिगानं दिसतं. आता गावात काही जण म्हणतात मुरूम टाकून बुजवा, मच्छर होतात, अन् काही म्हणतात जेसीबी लावून खोल करा, मासे सोडा, दुष्काळी भाग आहे पाणी तरी टिकंल. मला दोन्ही पटंना, पण ग्रामसभेत सांगू काय?

बालाघाट_भटक्या:
दादा, दोन्ही होऊ देऊ नका. ती उलटी पोहणारी म्हणजे फेअरी श्रिम्प, कोळंबीच्या लांबच्या नात्यातला बारका जीव. डबकं आटलं की तिची अंडी चिखलात पडून राहतात, आपल्या उन्हाळ्यातही मरत नाहीत, वर्षानुवर्षं तग धरतात, अन् पहिल्या पावसात सगळी फुटतही नाहीत, म्हणजे पावसानं मधेच दडी मारली अन् पिल्लं मेली तरी मागं बियाणं शिल्लक असतं. जेसीबीनं गाळ उपसला की हे सगळं ट्रॉलीत जाणार. शिवाय डबकं दरवर्षी आटतं म्हणून तिथं मासे टिकत नाहीत, मासे नाहीत म्हणूनच श्रिम्प अन् बेडूकमासे वाचतात. शेततळं पाहिजेच आहे, पण ते दुसरीकडं खणा ना.

जालना_ताई:
मच्छरांचं म्हणाल तर डबक्यात चतुराची पिल्लं, पाणकिडे असतात, ते डासांच्या अळ्या खातात. डेंग्यूचा डास वाढतो घरातल्या साठवलेल्या पाण्यात, आपल्याकडं नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं मग टाक्या, रांजण भरलेलेच असतात, आधी ते झाका. आणि कृपा करून गप्पी मासे माळावर नेऊ नका, ते बेडकाची अंडी अन् बारके बेडूकमासेसुद्धा खातात.

शाळा_मास्तर:
नोंदी ठेवा भाऊ, नुसत्या बोलण्यावर सभेत कोणी ऐकत नाही. डबकं कधी भरलं, कधी आटलं, खुणा केलेल्या काठीनं खोली किती, दर आठवड्याला एकाच जागेवरून फोटो, रात्री बेडकांचा आवाज मोबाईलवर. राष्ट्रीय पाणथळ ॲटलासमध्ये २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या ठिपक्यानं दाखवल्यात, आपली डबकी तर त्याहून कितीतरी बारकी, त्यामुळं वरून कोणी वाचवायला येईल ही आशा सोडा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावाला जैवविविधता समिती अन् गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवायची लोकजैवविविधता नोंदवही दिलीय, त्यात ही डबकी लिहून घ्या आणि तिथला मुरूम उचलायचा नाही, टाकायचाही नाही असा ठराव मागा.

पाटोद्याचा_माळ:
१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडतो सर. तोवर पोरांना घेऊन फोटो सुरू करतो, डबकी भरलेलीच हायेत.