१४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं म्हणून युरोपवाले समुद्रावर निघाले, हे कितपत खरं?

रावपुऱ्याची मृदुला

नमस्कार मंडळी, भाचा दहावीत आहे आणि संध्याकाळी माझ्याकडेच अभ्यासाला बसतो. काल त्याने एका दमात म्हणून दाखवलं की तुर्कांनी १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, मसाले मिळेनासे झाले म्हणून समुद्रमार्ग शोधला. आणि लगेच नकाशावर बोट ठेवून विचारतो, आत्या, पोर्तुगीज तर १४१५ लाच आफ्रिकेत सेउटा घेऊन बसले होते, ते मग कशासाठी? मला काही सांगता आलं नाही.

दुसरं म्हणजे मार्ग शोधायला निघालेली माणसं दीव, दमण, वसईला किल्ले बांधून बसेपर्यंत मजल कशी गेली? खंबात आपल्या बडोद्याहून दीड-दोन तासांवर, केवढं मोठं बंदर होतं ते, मग गुजरातच्या सुलतानाने हे होऊ कसं दिलं? कोणी नीट समजावून सांगेल का, परीक्षेपुरतं नको, खरं काय ते.

दांडियाबाजार काका

मृदुलाताई, पोराला शाबासकी द्या, त्याने बरोब्बर नस पकडलीय. मी बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि ते १४५३ चं वाक्य मला कायम खटकायचं. मिरी युरोपात मुख्यतः जायची ती लाल समुद्रातून इजिप्तला, आणि अलेक्झांड्रियाला व्हेनिसचे व्यापारी ती विकत घ्यायचे. इजिप्तवर तेव्हा मामलुकांचं राज्य, उस्मानी तुर्कांनी ते घेतलं १५१७ ला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्यावर १९ वर्षांनी. १४५३ नंतरही व्हेनिसची गलबतं मिरी भरून नेतच होती. महाग होती हे खरं, कारण मधले सगळे आपापला हात मारून घ्यायचे, पण वाट बंद झाली होती असं नाही.

सेउटाचं म्हणाल तर पोर्तुगालच्या राजाला आणि सरदारांना मोरोक्कोतल्या मुसलमानांशी लढाई हवी होती, मान हवा होता, जमीन हवी होती, आणि सहारातून येणाऱ्या सोन्याच्या तांड्यांवर डोळा होता. तिथून मग एकेक पाऊल खाली. १४३४ ला बोजादोरचं भूशिर ओलांडलं, १४४४ ला पोर्तुगालच्याच लागोस बंदरात पकडून आणलेल्या दोनशेहून जास्त आफ्रिकी माणसांचा बाजार भरला, मदेइरा बेटावर ऊस लावला, १४८२ ला गिनीच्या किनाऱ्यावर सोन्यासाठी एल्मिनाचा किल्ला बांधला. यात हिंदुस्थानचं नाव फार उशिरा येतं. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी कमाई झाली आणि त्या कमाईवर पुढची जहाजं निघाली. म्हणून आधी शोध आणि मग साम्राज्य असे दोन वेगळे धडे करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या दिवसापासून दोन्ही एकच होतं. पोपने १४५५ च्या फर्मानात जिंकायचा आणि माणसं गुलाम करायचा हक्क लिहून दिला तेव्हा दियाश हा पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालायला अजून ३३ वर्षं होती!

खलाशी बडोदेकर

काकांचं सगळं मान्य, पण वाऱ्याचं राहिलं. मी मर्चंट नेव्हीत आहे म्हणून मला हे जास्त जवळचं वाटतं. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली जाणं सोपं कारण वारा मागून, पण परत येताना तोच वारा तोंडावर. मग त्यांनी काय केलं, की किनारा धरून झगडत बसण्याऐवजी उलट खोल समुद्रात वायव्येला मोठा वळसा मारायचा, अझोर्स बेटांच्या आसपास पश्चिमेचे वारे मिळतात, त्यावर घर गाठायचं. ऐकायला सोपं आहे पण घराची दिशा सोडून अथांग पाण्यात जहाज घालायचं म्हणजे काय छाती लागत असेल, जीपीएस नाही, रेखांश काढता येत नाही, फक्त तारे, सूर्य आणि अंदाज. गामा १४९७ ला निघाला तेव्हा दक्षिण अटलांटिकमध्ये त्याने असाच वळसा मारला आणि तीन महिने त्याच्या लोकांना जमीन दिसली नव्हती.

पण हिंदी महासागरात शिरल्यावर मात्र त्याने मालिंदीला वाटाड्या घेतला, आणि बारोश हा पोर्तुगीज इतिहासकार त्या वाटाड्याला गुजरातचा म्हणतो. मोसमी वाऱ्याचं गणित आपल्याकडच्या माणसांना केव्हापासून पाठ होतं. त्यामुळे गामाने भारताचा 'शोध लावला' हे वाचलं की माझं डोकं फिरतं, ती वाट रोजच्या वापरातली होती.

मांडवीची गार्गी

हो पण दर्यावर्दींचं कौतुक करून पुढे जाऊ नका, पुढचं पण पोराला सांगा. १४९८ च्या मे मध्ये कालिकतला सामुद्रीसाठी, म्हणजे तिथल्या राजासाठी, गामाने नजराणा काढला तो काय, पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखरेची एक पेटी, तेल आणि मध. राजाची माणसं हसली, म्हणाली मक्केचा गरिबातला गरीब व्यापारी याहून बरं आणतो. इथल्या बाजारात खपेल असं यांच्याकडे सोन्याचांदीशिवाय फार काही नव्हतंच, पण जहाजावर तोफा होत्या. १५०२ ला गामा परत आला तेव्हा त्याने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं मीरी नावाचं जहाज लुटून माणसांसकट जाळलं, आत बायका-मुलं होती. हे वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

आणि मग परवाना आणला, कार्ताझ. खंबातच्या व्यापाऱ्याने आपल्याच समुद्रात आपलंच जहाज न्यायचं तर पोर्तुगीजांकडून कागद घ्यायचा, त्यावर नाखुद्याचं नाव, जहाज केवढं, हत्यारं किती, माल काय, जाणार कुठे, आणि वाटेत त्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरायची. कागद नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. तोमे पिरेश म्हणून पोर्तुगीज होता, त्यानेच लिहून ठेवलंय की खंबातचा एक हात अरबस्तानातल्या एडनला पोचतो आणि दुसरा मलायातल्या मलाक्काला. त्या दोन्ही हातांवर यांनी पहारा बसवला, १५१० ला गोवा, १५११ ला मलाक्का, १५१५ ला इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ. एडन तेवढं त्यांना जमलं नाही.

पावागडचा पायी

सुलतानाने होऊ कसं दिलं, याचं उत्तर आपल्या शेजारी चांपानेरला आहे. आधी हे सांगतो की गुजरात गप्प बसलं नव्हतं, १५०९ ला दीवसमोर मामलुकांचं आरमार होतं, सोबत कालिकतची जहाजं आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ याची पण, पण पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाच्या मोठ्या जहाजांपुढे आणि तोफांपुढे टिकाव लागला नाही. तरी त्यानंतरही २६ वर्षं दीव पोर्तुगीजांना मिळालं नाही हे लक्षात घ्या.

मिळालं ते जमिनीवरच्या भांडणामुळे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्यावर मोगल बादशहा हुमायून चालून येणार अशी चिन्हं होती, म्हणून डिसेंबर १५३४ ला त्याने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. १५३५ ला हुमायूनने चांपानेरला वेढा घातला आणि त्याची माणसं रात्री कड्यात लोखंडी खुंट्या ठोकत वर चढली, किल्ला पडला. बहादूरशाह दीवला पळालेला, मदतीच्या आशेने त्याने तिथे किल्ला बांधायची परवानगी दिली. मोगल निघून गेल्यावर त्याला पस्तावा झाला, पण १५३७ ला पोर्तुगीज गव्हर्नरला भेटून परतताना दीवच्या पाण्यातच चकमकीत तो मारला गेला. सुलतानाचं उत्पन्न मुख्यतः शेतसाऱ्याचं, सैन्य घोडदळाचं, त्याला खरी भीती उत्तरेची, समुद्राची नाही. त्याच्या जागी बसून बघितलं तर त्याला मूर्ख म्हणवत नाही.

रावपुऱ्याची मृदुला

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, भाच्याला सगळं वाचून दाखवलं. त्याचा पुढचा प्रश्न तयार आहे, अकबर आणि जहांगीर तर एवढे बलाढ्य, त्यांनी पण परवाना घेतला का? आणि काका, पेपरात आता काय लिहायचं त्याने?

दांडियाबाजार काका

पेपरात १४५३ एक कारण म्हणून लिहू दे, मार्क जायला नकोत. पण त्याच्या आधी सेउटा १४१५, आफ्रिकेचं सोनं आणि व्हेनिसची मक्तेदारी हे तीन मुद्दे घालायला सांगा, तपासणारा खूश होईल.

परवान्याचं म्हणाल तर हो, मोगलांनाही घ्यावा लागला. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा याच परवान्यापायी सुरतेला बराच काळ अडकून पडली होती. आणि १६१३ ला तर पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचं रहीमी नावाचं जहाज परवाना असतानासुद्धा पकडून नेलं. जहांगीर इतका भडकला की त्याने दमणला वेढा घालायला फौज पाठवली. सुरतेजवळ सुवाळीला इंग्रजांनी पोर्तुगीजांना नुकतंच १६१२ ला हरवलं होतं, त्यामुळे दरबारात इंग्रजांचं वजन वाढलं आणि सुरतेची वखार त्यांना मिळाली. त्या वखारीपासून १८०२ ला गायकवाडांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे तिचा प्रतिनिधी, येऊन बसेपर्यंतचा धागा लांब आहे, भाच्याला हवा असेल तर वेगळा काढा, मी लिहीन.