मदत हवी आहे: १९७२ च्या अँबेसेडरमध्ये ऑइल प्रेशर कमी

माझ्याकडे १९७२ ची अँबेसेडर मार्क २ असून तिचे १४८९ सीसीचे मूळ पेट्रोल इंजिन अजून चालू आहे. सकाळी थंड असताना ऑइल प्रेशर ५० पीएसआयपर्यंत (दाबाचे एकक) जाते. मात्र अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर सिग्नलला उभे राहिले की काटा ८ वर येतो आणि वेग वाढवला तरी २५ च्या पुढे सरकत नाही. गेजवर विश्वास नव्हता म्हणून दुसरे मेकॅनिकल गेज जोडून पाहिले, आकडे तेच आले. २०डब्ल्यू-५० ऑइल व फिल्टर नवीन आहेत, आणि डिपस्टिक नाकाशी धरूनही पेट्रोलचा वास येत नाही, म्हणजे पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झाले असेल असे वाटत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा ऑइल प्रेशर सोडून देणारी झडप) उघडून स्वच्छ केला, तेव्हा त्याच्या बसण्याच्या कडेवर बारीक ओरखडा दिसला. आमचे मिस्त्री अधिक जाड ऑइल घालण्यास सांगतात, पण तो मला आजार झाकण्याचा प्रकार वाटतो.

खालून ठोक्याचा आवाज नसताना बेअरिंग शेल (क्रँकशाफ्टभोवतीच्या पातळ धातूच्या वाट्या) झिजलेले असू शकतात का? आधी व्हॉल्व्ह व स्प्रिंग बदलावी, की सरळ संप (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून ऑइल पंप तपासावा आणि शेलमधील गॅप प्लॅस्टिगेजने (गॅप मोजण्याची, दाबली की चपटी होणारी प्लास्टिकची बारीक तार) मोजावी? हे इंजिन स्वतः उघडलेल्यांनी कृपया सांगावे.