मुंबईत मुलीसाठी घर कोठे पाहावे?

प्रश्न (जळगाव): मुलीला अंधेरी पूर्वेला नोकरी लागली असून कार्यालयाजवळचे भाडे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. मुलुंड, कल्याण की बोरिवली, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (भुसावळ): अंतरापेक्षा गाडी किती वेळा बदलावी लागते, ते आधी पाहावे. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो २०१४ पासून अंधेरीमार्गे धावत असल्याने मुलुंडला राहिल्यास घाटकोपरला उतरून थेट मेट्रो मिळते आणि दादरच्या पुलावरची रेटारेटी टळते. कल्याण स्वस्त आहे खरे; पण मी तेथे चार वर्षे काढली, सकाळच्या लोकलमध्ये दाराचा मधला दांडा हाती लागला तरी नशीब समजत असे.

उत्तर (अमळनेर): आमच्यासारख्यांना बोरिवली सोयीची, कारण सुरतमार्गे येणारी खान्देश एक्स्प्रेस तेथे थांबते आणि तेथून अंधेरीला एकच लोकल पुरते. मात्र भाडे मुकाट्याने मोजावे लागते. घर कोठेही घ्या, भाडेकरार नोंदणीकृतच करा. माझ्या घरमालकाने साध्या कागदावर भागवले आणि अनामत बुडवली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जळगावहून कळण्याचे पीठ आणि भरिताची वांगी घेऊन येणाऱ्या आम्हाला कल्याणला उतरून लोकलने मुलुंड गाठता येईल, म्हणून रविवारी तेथील दोन घरे पाहणार आहोत.