नाताळचा अनुभव धागा: हे तुमच्यात कुणाकडून आलं?

जालन्यात आमच्या गल्लीत डिसेंबर लागला की नाताळाची लगबग सुरू व्हायची. समोरच्या सिस्टरबाईंच्या अंगणात बांबूच्या कामट्या, पतंगी कागद अन् पिठाची खळ घेऊन आम्ही लेकरं बसायचो. दिवेलागणीपर्यंत चांदणी तयार. आत बल्ब सोडायचा आणि ओसरीच्या वाशाला टांगायची. आमचं घर माळकरी, पण त्या चांदणीच्या पाच टोकांतलं एक टोक दरवर्षी माझं असायचं. इतर कुणी त्याला हात लावलेला मला खपत नसे.

रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बाईंचे पणजोबा त्या वस्तीतले. बाई नर्स होत्या. एकदा रात्रपाळीचा डबा द्यायला मी दवाखान्यात गेले होते. एका म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायचं होतं. बाईंनी आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि मगच त्याचा दंड धरला. "थंड हात लागला की माणूस दचकतं गं," एवढंच म्हणाल्या. पुढं मीही ३१ वर्षं नर्स होते. हात घासल्याशिवाय एकाही पेशंटला शिवले नाही. बरोबरच्या म्हणायच्या, तुझा स्वभावच मायाळू. मला ठाऊक होतं ते कुठून आलंय.

बाई जूनमध्ये गेल्या. त्यांच्याविना हा पहिलाच नाताळ, म्हणून हा धागा काढते आहे. तुमची एखादी सवय, एखादा शब्द, हाताचं वळण सांगा, जे दुसऱ्या कुणाकडून तुमच्यात आलं. माणूस रक्ताचा असो, नसो. धर्माचा तर प्रश्नच नाही.

औसा तालुका, लातूर

मी भूकंपातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते. गणपती आदल्याच दिवशी बुडवले होते, लोक दमून झोपलेले. आमच्याकडची घरं दगडमातीची, भिंती दीड-दोन हात जाड, वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गार राहायची म्हणून आम्हाला त्यांचा केवढा अभिमान. तेच सगळं अंगावर आलं. आई, आजी आणि धाकटा भाऊ आत होते. मी अन् वडील बाहेर अंगणात झोपलो होतो. मी नऊ वर्षांचा.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. शेजारी एक काकू होती, पलीकडच्या गावची. तिची दोन लेकरं गेली होती, एक राहिलं होतं. वडील रात्री बाहेर बसून राहायचे, आत येतच नसत. काकू निजानीज झाली की कंदील घेऊन यायची आणि ओळीनं झोपलेल्या सगळ्या पोरांच्या डोक्याला हात लावून मोजायची. एक, दोन, तीन. मी चौथा. मी जागा असायचो, पण डोळे मिटून घ्यायचो. हात केसांवर टेकायचा, काकूच्या हाताला रॉकेलचा वास असायचा, आणि ती म्हणायची, "चार." ते ऐकल्याशिवाय मला झोप लागत नसे. एका रात्री तिला ताप होता, ती आली नाही. मी उठून तिच्या दाराशी गेलो. ती पडल्या पडल्या म्हणाली, "हाईस नव्हं? चार. जा, नीज."

आता मी बांधकामाची कामं घेतो. साइटवर कामगारांची लेकरं झोपलेली असतात, मी निघताना मोजतो. घरीही मोजतो. बायको म्हणते, दोनच तर लेकरं आहेत, मोजता काय? तरी मी हात लावतो आणि आकडा तोंडानं म्हणतो.

बीड

आमच्याकडं ऊसतोडीत एकटा माणूस धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं असलं की अर्धा कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसेही अर्धेच. वडील वारले आणि आई अर्धा कोयता झाली. माझी चुलतीही विधवा. दोघी मिळून मुकादमाकडं गेल्या, म्हणाल्या, आम्ही दोघी एक कोयता. तो म्हणाला, गाडी कोण भरील? दोघींनी भरून दाखवली.

नाताळाच्या सुट्टीला मामा मला कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, भेटवून आणायचा. तेव्हा पाहिलंय. चुलती तोडायची, आई वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, मोळी बांधायची. मग मोळी डोक्यावर घेऊन एक जण फळीवरून गाडीत चढायची, आणि दुसरीचा हात खालून तिच्या पाठीला. फळी लवायची. तो हात सुटलेला मी कधी पाहिला नाही.

आज मी बँकेत आहे. जिना चढताना पुढं कुणी बाई असली की माझा हात आपोआप तिच्या पाठीशी जातो. अनोळखी बायका वळून बघतात.

नांदेड

सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय. माझं वेगळं आहे, पण प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे.

माझे वडील बोलायचे नाहीत, ओरडायचे. जेवताना पाण्याचा तांब्या जरी कलंडला तरी ताट भिरकवायचे. मी ठरवलं होतं, आपण असं व्हायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या हातून दूध सांडलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांचा होता, शब्दही त्यांचेच. पोरीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. मीही असेच लपवायचो.

बायकोनं काही न बोलता माझ्या हातात फडकं दिलं. तेव्हापासून घरात काही सांडलं की पुसायचं मी. पुसून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. दर वेळी जमतंच असं नाही. नंतर आत्यानं सांगितलं, आजोबा वडिलांना विहिरीच्या काठावर उभं करून मारायचे. हे मला वडील जिवंत असताना कळायला हवं होतं.

(हे लिहिलंत, बरं झालं. हा धागा गोडगोड आठवणींपुरता नाही. — जालना)

छत्रपती संभाजीनगर

आमच्या घरी २५ डिसेंबरला आधी महाड आठवतं. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. सकाळी अभिवादन, आणि दुपारी वडिलांच्या मित्राकडं नाताळाचं जेवण. वडील मिलिंद महाविद्यालयात शिकले, हे ख्रिस्ती काका वसतिगृहात त्यांच्या खोलीत होते. काका पुस्तकावर स्वतःचं नाव घालत नसत. म्हणायचे, नाव दिसलं की दुसऱ्याला मागायला संकोच वाटतो. वडिलांच्या एकाही पुस्तकावर नाव नाही. माझ्याही नाही. बरीच पुस्तकं परत आली नाहीत, त्याचं वाईट वाटत नाही.

धाराशिव

आमच्याकडं नाताळाच्या मागंपुढं येळवस, म्हंजी वेळ अमावस्या, येती. शेतात कडब्याची कोप करायची, पांडव पुजायचे, भज्जी, उंडे, आंबील. गावातलं कुणी उपाशी ठेवायचं नाही. आमच्या शाळेवर एक ख्रिस्ती मास्तर बदलून आले होते. पहिल्या साली मी त्यांना शेतात बोलावलं. त्यांनी घरून नाताळाच्या करंज्या आणल्या. तवापासून तीस वर्षं ते येळवशीला अन् आम्ही नाताळाला, खाडा नाही.

मला वाचता येत नव्हतं. पस्तीस वर्षांचा बाप्या, शाळंत कसा बसणार? मास्तरांनी कोपीत बसवून शिकवलं. पाटी नव्हती. खताचं पोतं अंथरलं होतं, त्याच्यावरचं यु, रि, या. पहिला शब्द मी तो वाचला. पुढं रोज सांजंला यायचे. हे मी स्वतः लिहिलंय, वेलांट्या तेवढ्या नातीनं बघितल्या.

मास्तर गेल्या साली गेले. परवा येळवशीला मास्तरीणबाई आल्या. आंबिलीचं बिंदगं त्यांच्या लेकानं डोक्यावर घेतलं. कोपीत मास्तर बसायचे ती जागा मोकळीच राहिली. जेवणं झाली तरी कुणी तिथं बसंना. मग त्यांची नात, पहिलीतली, तिथं जाऊन मांडी घालून बसली अन् पोत्यावर बोट ठेवून वाचाय लागली.